खालचा सूर: रॉन कार्टर आणि डबल बेसची गोष्ट

घरात पेटी असेल तर एक करून बघा. नसेल तर मोबाइलवर कीबोर्डचं एखादं ॲप उघडा. उजव्या हातानं मध्य सप्तकातले सा, ग, प हे तीन शुद्ध स्वर एकदम दाबून धरा. डाव्या हातानं खाली मंद्र सप्तकातला सा दाबा. भरल्या घरात बसल्यासारखं निवांत वाटेल. आता उजवा हात अजिबात न हलवता डाव्या हाताचं बोट सा वरून उचलून मंद्र ध वर ठेवा. त्याच तीन सुरांवर कातरवेळ उतरते. ध सोडून मंद्र म दाबून पाहा. आता ना निवांत ना उदास, काहीतरी अधांतरी, पुढे कुठेतरी जायचंय असं वाटायला लावणारं.

उजव्या हातातले तीन सूर होते तसेच आहेत. बदलला तो सगळ्यात खालचा एक सूर, आणि त्यानं वरच्या तिघांचा अर्थ तीनदा बदलला. जॅझमध्ये हा खालचा सूर ज्याच्या हातात असतो तो बेसवादक, म्हणजे डबल बेस हे भलंमोठं तंतुवाद्य वाजवणारा. रंगमंचावर तो मागे उभा असतो, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावलं तर तो ऐकूही येत नाही. तरी समोरचा ट्रम्पेटवाला जे वाजवतोय ते हसरं वाटणार की व्याकूळ, हे बऱ्याच अंशी तो मागचा माणूस ठरवत असतो.

हे काम सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी हाती घेऊन आयुष्यभर करत राहिलेल्या एका माणसाबद्दल सांगायचं आहे. त्यांचं नाव रॉन कार्टर. सप्टेंबर २०१५ पर्यंतची त्यांची ध्वनिमुद्रणं मोजून गिनेस बुकानं आकडा जाहीर केला: २,२२१. जॅझच्या इतिहासात इतक्या ध्वनिमुद्रणांवर दुसऱ्या कुणा बेसवादकाचं नाव नाही. पण मला त्या आकड्यापेक्षा त्यातला पसारा थक्क करतो. त्यात माइल्स डेव्हिसचं जॅझ आहे, ब्राझीलचा बोसा नोव्हा आहे, अरेथा फ्रँकलिनचं सोल आहे, जर्मन रचनाकार बाखचं शास्त्रीय संगीत आहे आणि रॅपही आहे. इतक्या वेगवेगळ्या लोकांना एकच माणूस का हवा होता, हे कळायचं तर आधी बेस काय करतो ते नीट समजून घ्यायला हवं.

आपल्या संगीतात षड्ज हलत नाही. तानपुरा एकदा जुळला की मैफल संपेपर्यंत तोच सा, आणि प्रत्येक स्वराचं नातं त्या एका सा शी. पायाखालची जमीन स्थिर असते, चालतो तो गायक. जॅझमध्ये जमीनच सरकते. कधी चार मात्रांनी, कधी दोन मात्रांनी आधारस्वर बदलतो, आणि ह्या बदलांचा क्रम गाण्याच्या रचनेत ठरलेला असतो. दर काही मात्रांनी स्वतःचा षड्ज बदलणारा तानपुरा डोळ्यासमोर आणा, म्हणजे बेसचं अर्धं काम कळेल. उरलेलं अर्धं काम डग्ग्याचं. कारण तोच बेसवादक प्रत्येक मात्रेला तार छेडून लयही धरून ठेवत असतो. स्वराचा आधार आणि लयीचा आधार, दोन्ही एकाच बोटातून.

ह्या वाजवण्याला वॉकिंग बेस म्हणतात. मात्रेला एक सूर, चालल्यासारखा. समजा चार मात्रा सा वर आहेत आणि पुढच्या चार म वर जायचं आहे. एक साधी वाट अशी: सा, रे, कोमल ग, शुद्ध ग, आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर म. दोन गंधार लागोपाठ आले की आपला कान दचकतो. मात्र इथे तो अर्ध्या सुराचा रेटाच म पर्यंत ढकलत नेतो. हीच वाट वरून उतरतही घेता येते, सा वरून प ला उडी मारूनही घेता येते. ब्लूजचं एक आवर्तन म्हणजे चार-चार मात्रांचे १२ खंड, एकूण ४८ मात्रा. म्हणजे आवर्तनाला ४८ निर्णय. द्रुत लयीत सेकंदाला चार. ह्यातलं काही लिहिलेलं नसतं. कागदावर फक्त आधारस्वर आणि त्यांचा क्रम असतो, मधली वाट वादकानं तिथल्या तिथे काढायची असते.

वाद्यही सोपं नाही. डबल बेस माणसाएवढा उंच असतो, बहुधा उभं राहूनच वाजवतात. त्याची तार कंप पावते ती सुमारे १०५ सेंटीमीटर लांबीची. गिटारसारखे पडदे नाहीत, त्यामुळे सूर कुठे आहे हे हातालाच माहीत असावं लागतं. व्हायोलिनवर मोकळ्या तारेपासून पहिला अर्धा सूर चढायला बोट साधारण पावणेदोन सेंटीमीटर सरकवलं की झालं. डबल बेसवर तेवढ्याच चढासाठी जवळजवळ सहा सेंटीमीटर जावं लागतं, तेही बोटांच्या पेरांना घट्टे पाडणाऱ्या जाड तारेवर. सर्वात खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला साधारण ४१. कार्टर यांच्या वाद्याला वरच्या टोकाशी जोडपट्टी बसवलेली आहे, त्यामुळे ते त्याहीखाली, ३३ च्या आसपास उतरू शकतात. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला हे झेपतच नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून खालचा सूर असल्याचा अंदाज बांधतो एवढंच. म्हणून पुढे ज्या ध्वनिमुद्रणांबद्दल लिहितोय ती हेडफोन लावूनच ऐका, ही मनापासून विनंती.

रॉन कार्टर यांचा जन्म ४ मे १९३७ चा, मिशिगन राज्यातल्या फर्नडेलचा. दहाव्या वर्षी शाळेत त्यांनी चेलो उचलला. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं बसून, गजानं वाजवायचं वाद्य, आवाज पुरुषी गळ्याच्या जवळचा. मुलाला वेस्टर्न क्लासिकल वाजवायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पुढे कुटुंब डेट्रॉइटला आलं आणि रॉन तिथल्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकू लागला. संगीतशिक्षणासाठी नावाजलेली ही शाळा. तिथे त्याच्या लक्षात आलं की बाहेरच्या समारंभांत वाजवायची बोलावणी गोऱ्या मुलांना येतात, त्याला येत नाहीत. वाजवण्यात तो मागे नव्हता. मग त्यानं एक हिशेब केला. शाळेच्या वाद्यवृंदातला एकमेव डबल बेसवादक त्या वर्षी शाळा सोडून जाणार होता. बेस हाती घेतला तर दुसरा कुणी नसेल, आपल्याला बोलवावंच लागेल. सतरा वर्षांच्या पोरानं हा विचार करावा लागणं ही त्या समाजाची शरम होती. त्यातून जगाला मिळालेला बेसवादक त्या शरमेची भरपाई करत नाही. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत.

शिष्यवृत्ती मिळवून तो रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये गेला. तिथल्या वाद्यवृंदाला मार्गदर्शन करायला एकदा लिओपोल्ड स्टोकोव्स्की आले. हे जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक त्या काळात ह्यूस्टनच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते. तरुण कार्टरचं वादन त्यांना आवडलं, आणि तसं त्यांनी सांगितलंही. पुढे हेही सांगितलं की ह्यूस्टनचं संचालक मंडळ कृष्णवर्णीय वादकाला घ्यायला तयार होणार नाही. दार बंद असल्याचं इतक्या सौजन्यानं कळणं मला तरी जास्त क्रूर वाटतं. कार्टर यांनी हा प्रसंग पुढे मुलाखतींत पुन्हापुन्हा सांगितला आहे. १९५९ मध्ये पदवी घेऊन ते न्यूयॉर्कला आले, ड्रमवादक चिको हॅमिल्टनच्या ताफ्यात रुजू झाले आणि त्याच वेळी मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून १९६१ मध्ये पदव्युत्तर शिक्षणही पुरं केलं. चेलो सुटला नव्हता. सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीच्या १९६० च्या एका ध्वनिमुद्रिकेत ते चेलोच वाजवतात.

१९६३ मध्ये माइल्स डेव्हिसला नवा ताफा बांधायचा होता. ट्रम्पेटच्या ह्या बादशहाचं बोलावणं म्हणजे कुठल्याही वादकासाठी आयुष्याची संधी. कार्टर तेव्हा आर्ट फार्मर ह्या दुसऱ्या ट्रम्पेटवादकाबरोबर न्यूयॉर्कच्या एका क्लबात वाजवत होते. त्यांनी माइल्सला सांगितलं की मी ह्यांच्याशी बांधलेला आहे, तुम्ही त्यांना विचारा, ते हो म्हणाले तर येतो. माइल्सनं विचारलं, फार्मरनं मोकळं केलं. आल्या संधीवर झडप न घालता आधीचा शब्द पाळणारा हा माणूस कसा वाजवत असेल, ह्याची कल्पना मला ह्या प्रसंगातूनच आली. ज्याच्यावर बाकीचे सगळे उभे राहणार आहेत, तो असाच हवा.

त्या ताफ्यात पियानोवर २३ वर्षांचा हर्बी हॅनकॉक होता आणि ड्रमवर टोनी विल्यम्स, वय वर्षं १७. १९६४ मध्ये सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर आला आणि पाच जणांचा तो संच पुरा झाला, ज्याला आजही जॅझमधल्या सर्वोत्तम संचांत धरतात.

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदरही. विल्यम्सला लय सरळ ठेवण्यात रस नव्हता. तो ठेका मोडायचा, झांजांवर वादळ उठवायचा, मध्येच दुप्पट लयीचा भास निर्माण करायचा. हॅनकॉक ठरलेले कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गट, बाजूला सारून अनोळखी स्वरपुंज वाजवायचा. दोघं असे सुटलेले असताना संगीत कोसळायला हवं. ते कोसळत नाही, कारण मध्ये कार्टर आहेत. मात्र ते जमिनीसारखे नुसते निश्चल पडून राहत नाहीत. पहिल्या मात्रेवर आधारस्वर अपेक्षित असताना तो टाळून ते त्याचा शेजारचा सूर देतात, आणि हॅनकॉकचा कॉर्ड वेगळाच रंग घेतो. कधी एकाच सुरावर ठाण मांडतात, आधारस्वर बदलायची वेळ येऊन गेली तरी हलत नाहीत. त्या क्षणी ते खरोखर तानपुरा होतात आणि वर ताण साचत जातो. मग एक पाऊल उतरतात आणि पाचही जण एका श्वासात मोकळे होतात. पेटीवर आपण एका बोटानं जे केलं, ते हा माणूस पूर्ण वेगात, चार माणसांचं ऐकत, त्यांना न अडवता करतो.

१२ फेब्रुवारी १९६४ ला न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या मोहिमेसाठी ह्या ताफ्यानं मैफल केली. सॅक्सोफोनवर तेव्हा जॉर्ज कोलमन होता. त्या रात्रीची संथ गाणी ऐकताना लक्षात येतं की विलंबित लयीतून मध्य लयीत जायचा निर्णय अनेकदा बेसकडून येतो. आधी तो मात्रेआड सूर देत असतो, मग हळूच मात्रेला एक देऊ लागतो आणि सगळा ताफा चालायला लागतो. ठुमरीत लग्गी सुरू होताना श्रोते जसे सावरून बसतात, तसंच काहीसं घडतं.

१९६७ च्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित झालेली वेन शॉर्टरची ‘नेफर्टिटी’ ही रचना तर मी नवख्या माणसाला आवर्जून ऐकायला देतो. तिच्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकच सुरावट पुन्हापुन्हा वाजवत राहतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आलापी नाही, तानबाजी नाही. बदलत राहतं ते खालचं. बेस, पियानो आणि ड्रम दर आवर्तनाला नवं काही करतात, आणि तीच सुरावट कधी शांत, कधी बेचैन, कधी संतापलेली वाटते. आपल्याकडे तबलजी खुलून वाजवतो तेव्हा सारंगीवाला लेहरा धरून बसतो. इथे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनसारखी मानाची वाद्यं लेहरा धरून बसली आहेत.

१९६८ मध्ये कार्टर बाहेर पडले. माइल्सला विजेची वाद्यं हवी होती, कार्टर यांचा जीव डबल बेसमध्ये होता, आणि सततचे दौरेही त्यांना नको होते. ते न्यूयॉर्कमध्ये थांबले आणि मुख्यतः स्टुडिओत वाजवू लागले.

स्टुडिओतला वादक म्हणजे काय हेही समजायला हवं. सकाळी एका ठिकाणी जायचं, समोर कागद असेल तो वाचायचा, गायकाला कधी भेटलेलो नसलो तरी दहा मिनिटांत त्याच्या गाण्याचा स्वभाव ओळखायचा, दोन-तीन टेकमध्ये काम पुरं करायचं आणि दुपारी दुसरीकडे. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांनी अनेक दशकं हेच केलं. चर्चशी जोडलेल्या शाळांत लहानपणी शिकलेलं स्वरलेखन त्यांच्या कामी आलं, जसं कार्टर यांना ईस्टमनचं शिक्षण. त्यातल्या बहुतेकांची नावं तबकड्यांवर कधी छापली गेली नाहीत. कार्टर यांची छापली गेली, म्हणून आज मोजता तरी येतात.

माइल्सच्या ताफ्यात असतानाच, १९६७ मध्ये, ब्राझीलच्या अंतोनिओ कार्लोस जोबिमच्या ‘वेव्ह’ ह्या ध्वनिमुद्रिकेवर ते बेस वाजवतात. बोसा नोव्हाचं गाणं फार हलक्या पावलांचं असतं, तिथे जॅझमधला चारही मात्रांचा चालता बेस घातला तर गाणं दबेल. कार्टर तिथे मोजकेच सूर देतात, मध्ये जागा सोडतात. १९६९ मध्ये गायिका रॉबर्टा फ्लॅकची पहिली ध्वनिमुद्रिका आली. तिची सुरुवातच त्यांच्या बेसनं होते, आणि पहिल्या काही सेकंदांतच पाय हलू लागतो. त्याच तबकडीवरच्या संथ प्रेमगीतात तेच बोट इतकं हळुवार होतं की सूर केव्हा लागला ते कळू नये. १९७१ मध्ये कवी-गायक गिल स्कॉट-हेरननं ‘द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड’ ही रस्त्यावरच्या उठावाची सुप्रसिद्ध कविता संगीतासह ध्वनिमुद्रित केली. तिच्यात शब्दांच्या खाली मुख्यतः बेस, ड्रम आणि बासरी. बेसची छोटी आकृती फिरत राहते, शब्दांना धक्का लागू देत नाही. कवितेला साथ करायची तर किती कमी वाजवावं ह्याचा तो धडा आहे.

मग १९९१. न्यूयॉर्कच्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ ह्या रॅप गटानं आपल्या दुसऱ्या अल्बमचं नावच खालच्या सुरांवरून ठेवलं: ‘द लो एंड थिअरी’. त्यात त्यांनी जुन्या जॅझच्या तबकड्यांतले तुकडे कापून वापरले होते. पण एका गाण्यासाठी त्यांना तुकडा नको होता, माणूस हवा होता. ५४ वर्षांच्या कार्टर यांनी होकार दिला तो एका अटीवर, की गाण्यात शिवीगाळ नसेल. पोरांनी अट मानली. गाण्यात शेवटी त्यांचं नाव घेऊन आभारही मानले आहेत. ते ऐकताना मला दरवेळी बरं वाटतं.

शास्त्रीय संगीतात दार बंद झालं होतं, तरी बाखला त्यांनी सोडलं नाही. १९९० च्या दशकात त्यांनी बाखच्या रचना डबल बेसवर ध्वनिमुद्रित केल्या. बाखमध्ये सर्वात खालची ओळ वरच्या सुरावटीची नुसती सावली नसते, तिची स्वतंत्र चाल असते, ती एकटी ऐकली तरी गाणं वाटते. कार्टर यांचा वॉकिंग बेस तसाच आहे. मध्यंतरी त्यांनी पिकोलो बेसही वाजवला. डबल बेसहून लहान आणि चढ्या सुरात जुळवलेलं हे वाद्य पुढे बसून मुख्य सुरावट वाजवण्यासाठी, आणि तेव्हा मागचा बेस दुसरा वादक सांभाळे. त्यांची ही बाजू मला कमी आवडते. ते खाली असतात तेव्हाच सगळ्यात मोठे वाटतात.

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये त्यांनी सुमारे वीस वर्षं शिकवलं, नंतर जुलिअर्ड ह्या संगीतशाळेतही. मे २०२२ मध्ये ८५ व्या वाढदिवसानिमित्त कार्नेगी हॉलमध्ये त्यांची मैफल झाली, आणि ते नेहमीसारखे सूट-टायमध्ये उभे राहून वाजवत होते.

आता हेडफोन लावा. माइल्सच्या ताफ्यानं ‘ऑटम लीव्ह्ज’ हे एकच गाणं वर्षानुवर्षं वाजवलं. जुलै १९६३ ची फ्रान्समधली मैफल, सप्टेंबर १९६४ ची बर्लिनमधली, आणि डिसेंबर १९६५ मध्ये शिकागोच्या क्लबात झालेली, तिन्हींची ध्वनिमुद्रणं मिळतात. बेसवादक तिन्हींत तोच, गाण्यातले ठरलेले आधारस्वरही तेच. पहिल्या खेपेला ट्रम्पेटकडे लक्ष जाईल, जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला ट्रम्पेट सोडून फक्त खालचा सूर धरा आणि पहिल्या मात्रेवर तो कुठे उतरतो तेवढंच बघत राहा. फ्रान्समध्ये बहुतेक वेळा तुम्हाला वाटेल तिथेच उतरेल. शिकागोत तुम्ही एका पायरीवर वाट पाहत असाल आणि तो दुसऱ्याच पायरीवर उभा सापडेल.